साहेबांचं अक्षर

मला एका फॉन्टचा राग आहे. माणसांचा राग सगळ्यांनाच येतो, पण कॉम्प्युटरमधल्या अक्षरांवर दात-ओठ खाणारा आमच्या तालुक्यात बहुतेक मी एकटाच असेन. बायको म्हणते, ज्यावर पोट भरतं त्यालाच शिव्या देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तिचं बरोबर आहे. पण पोट भरतं म्हणून प्रेम करायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर, माझं दुकान आहे. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, फ्लेक्स. दुकानाच्या बोर्डावर एवढंच लिहिलंय आणि तेही, सांगायला लाज वाटते, त्याच फॉन्टमध्ये. पंधरा-सोळा वर्षं झाली, मी लोकांचे शब्द सजवून देतोय. माझं स्वतःचं अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. शाळेत गुरुजी माझी वही उलटी-सुलटी धरून बघायचे आणि म्हणायचे, “आता तूच वाचून दाखव, आणि तुलाही नाही आलं तर बाहेर उभा राहा.” मी बऱ्याचदा बाहेर उभा राहायचो. त्यामुळं देखण्या अक्षराबद्दल मला आधीपासूनच आकस असेल, तर तो मी नाकारत नाही.

हा फॉन्ट हातानं लिहिल्यासारखा दिसतो. म्हणजे तसं सोंग आणतो. अक्षरं उजवीकडं किंचित झुकलेली. शिरोरेषा सरळ न जाता मधेच वर उचललेली. काना खाली उतरला की शेवटी शेपटी मारतो, वेलांटी शेजारच्या दोन अक्षरांच्या डोक्यावरून पदर ओढते, आणि उकार असा निवांत वळसा घेतो की लिहिणाऱ्याला आज दुसरं कामच नव्हतं असं वाटावं. रेघ कुठं जाड, कुठं बारीक, टाक शाईत बुडवून लिहिल्यासारखी. पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिला तेव्हा मीसुद्धा भुललो होतो. माझं नाव टाइप करून बघितलं. जन्मात पहिल्यांदा ते कुणाला दाखवण्यासारखं दिसलं.

दोन-तीन महिन्यांत त्याची गोम कळली. हातानं लिहिणारा माणूस दमतो. ओळ संपत आली की शेवटची अक्षरं दाटीवाटीनं बसवतो, पान भरत आलं की घाई करतो, मधेच कुणी हाक मारली की एखादा काना लांब जातो. त्याचा पहिला क आणि दहावा क सख्खे भाऊ असतात, एकच माणूस नसतात. या फॉन्टमधला क कधी दमत नाही. पहिल्या ओळीत जशी मान वाकडी, तशीच शेवटच्या ओळीत. फोटोत हसायला सांगितल्यावर काही पुढारी जसे हसतात, तसं त्याचं आहे. एकदा हे दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

पण गिऱ्हाइकाला याचं काय? गिऱ्हाईक येतं, काचेखालच्या नमुन्यावर बोट ठेवतं आणि म्हणतं, “ते लपेटदार टाका.” लग्नपत्रिका असो, साखरपुडा असो, बारसं असो, लपेटदार. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळींत उरकतात आणि त्यानंतर साठ-सत्तर नावांची फौज येते. निमंत्रक, प्रेषक, विनीत, व्यवस्थापक, समस्त भावकी, मित्रमंडळ. एवढी नावं त्या फॉन्टमध्ये घातली की शेपट्या एकमेकींत अडकतात, कुणाचा मामा कुणाच्या चुलत्याच्या पायात येतो. वाचता काहीच येत नाही. ते कुणाला वाचायचंही नसतं. जो तो पत्रिका डोळ्यांजवळ धरून फक्त स्वतःचं नाव शोधतो, सापडलं की घडी घालून खिशात ठेवतो आणि नाही सापडलं की लग्नात जेवत नाही.

त्याच फॉन्टमध्ये मयताचं सुतक फिटतं त्या गंधमुक्तीची पत्रिका. त्याच फॉन्टमध्ये वर्षश्राद्धाचं कीर्तन. त्याच फॉन्टमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं ‘आईची पुण्याई’. एका खानावळवाल्यानं हौसेनं सगळा मेनू त्यात करून घेतला आणि आठवड्यानं परत येऊन मलाच विचारलं, “ह्ये चौथं काय लिवलंय वो?” नारायणगडाला जाणाऱ्या भाविकांचं हार्दिक स्वागत त्यातच, कपिलधारच्या यात्रेला जाणाऱ्यांचंही त्यातच. स्वागत करणाऱ्याचा फोटो त्यात एवढा मोठा, की भाविकांना वाटावं दर्शन इथंच घ्यायचंय. आणि कडी म्हणजे एका शाळेनं ‘सुंदर हस्ताक्षर स्पर्धा’ घेतली आणि बक्षीस मिळालेल्या पोरांची प्रमाणपत्रं या फॉन्टमध्ये छापून मागितली. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, “सर, ज्या पोरीचा पहिला नंबर आलाय तिच्याकडूनच लिहून घ्या की.” ते म्हणाले, “ते बरं दिसणार न्हाई.”

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग साहेबांचं पत्र आलं.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, इथं प्रत्येक भागात एक साहेब असतातच. आमच्याकडं एक रीत आहे. घरात मयत झालं की पुढाऱ्यानं सांत्वनाला यायचं. ओसरीवर पाच मिनिटं बसायचं, मान खाली घालायची, बिनसाखरेचा म्हणून सांगितलेला गोड चहा प्यायचा आणि जायचं. पण तेवढं झालं पाहिजे. दहाव्याला आलेली माणसं दुःख बाजूला ठेवून आधी विचारतात, “साहेब येऊन गेले का?” आले असतील तर घराची इज्जत राहिली. नाही आले तर पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवलं जातं. इकडचा माणूस एक वेळ रस्ता झाला नाही ते विसरेल, पण साहेब सांत्वनाला आले नाहीत ते विसरणार नाही.

गावं वाढली, मयतं वाढली, साहेब एकच. एक दिवस साहेबांचे पीए दुकानात आले. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि खुर्ची पुसून बसायची सवय. म्हणाले, “पत्र पाहिजे. सांत्वनाचं. पण छापील वाटायला नको. साहेबांनी स्वतः बसून लिवलंय असं वाटलं पाहिजे.” मी लपेटदार फॉन्ट दाखवला. त्यांनी मान हलवली, “हेच. हेच साहेबांचं अक्षर.”

साहेबांचं खरं अक्षर मी एका अर्जावर पाहिलेलं आहे. ते माझ्यापेक्षा वाईट आहे.

आता इथून पुढं मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवू शकत नाही. फॉन्टला शिव्या घालणारा मी, त्या कामात असा रमलो की काय सांगू. रंग काळा न घेता पेनाच्या शाईचा निळा घेतला. ओळी मुद्दाम थोड्या वर-खाली केल्या. कागद सायीच्या रंगाचा आणवला. एवढ्यानंही समाधान होईना, तेव्हा एक शब्द खोडला. ‘कुटुंबातील कर्तबगार सदस्य’ असं लिहून ‘कर्तबगार’वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात ‘कष्टाळू’ घातलं. लिहिता लिहिता साहेब थांबले, विचार केला आणि जास्त खरा शब्द निवडला, असं वाटावं म्हणून. पीएंनी ते पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, “काय डोकं हाय बे तुझं!” मला ती थाप आवडली. हे लिहायला नको वाटतंय, पण आवडली.

मजकूरही माझाच. पीएंनी फक्त सांगितलं होतं, “जिव्हाळा दिसला पाहिजे.” जिव्हाळ्याची माझ्याकडं कमतरता नव्हती, गंधमुक्तीच्या पत्रिका करून करून तो पैशाला पासरी झाला होता. मी लिहिलं: ‘ते माझे केवळ कार्यकर्ते नव्हते… काही दिवसांपूर्वीच झालेली आमची शेवटची भेट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांचे ते शब्द आजही माझ्या कानात आहेत.’ मयत बाई असेल तर ‘ते’च्या जागी ‘त्या’. बाकी नाव आणि गाव बदलायचं. गावोगावचे कार्यकर्ते ग्रुपवर मेलेल्यांची नावं टाकायचे, पीए ती यादी मला पाठवायचे आणि मी बटण दाबलं की साहेबांची शेवटची भेट तीस घरांत एकदम व्हायची.

लोकांनी ती पत्रं डोक्यावर घेतली. एक तर साहेब असे लिहितात हेच कुणाला माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी साहेब स्वतः येऊन गेले होते ती माणसंही पत्रासाठी रुसायला लागली. आणि गंमत बघा, जिथं पत्र तयार होत होतं तिथंच ती माणसं लॅमिनेशनला घेऊन यायची. मी छापलेला कागद मीच प्लास्टिकमध्ये घालून द्यायचो. ते म्हणायचे, “काय अक्षर हाय साहेबाचं! मोत्यावानी.” मी म्हणायचो, “व्हय.” एकाच आळीतल्या दोन घरांत तेच पत्र, तीच खाडाखोड, पण आपलं भिंतीवरचं पत्र उतरवून शेजाऱ्याच्या पत्राशेजारी धरून बघावं असं कुणालाही वाटलं नाही. मला आतल्या आत हसू यायचं. अडाणी म्हणायचो मी त्यांना, मनातल्या मनात. शिकलेलेही त्यातच होते, पण मी सगळ्यांना एकाच दावणीला बांधत होतो.

मग ती मावशी आली.

साठी ओलांडलेली, सुकलेली, पदर कानामागं घट्ट खोचलेला. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद. मी ओळखलंच. तिचा नवरा साहेबांचा जुना माणूस. पूर्वी निवडणुकीत जीपवर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरायचा, त्याचा आवाज मी लहानपणी ऐकलेला. नाव यादीत आलं तेव्हा मला तो आवाज आठवला होता आणि तरीही मी बटण दाबलं होतं.

“बाबा, याला ते पलास्टिक लावून दे,” ती म्हणाली. “लई मोलाचा कागूद हाय.”

मी हात पुढं केला. तिनं दिला नाही. म्हणाली, “आधी येकदा वाचून दाखीव. मला वाचता येतंय, बचत गटात शिकलेय मी. पन ह्ये लई वळनाचं हाय. मोठ्या मान्साचं अक्षर आसंच आसतंय. समदं समजलं, पन मदी मदी आडकायले.”

मी वाचून दाखवलं. माझंच लिहिलेलं, साहेबांच्या आवाजात, दुकानात उभं राहून. खोडलेल्या शब्दाशी तिनं मला थांबवलं.

“तिथं काय खोडलंय?”

“कर्तबगार लिहिलं होतं. ते खोडून कष्टाळू केलंय.”

तिनं त्या खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “बराबर हाय. कर्तबगार न्हवते ते. कष्टाळू व्हते. साहेबाला ठावं हाय.”

मी पुढचं वाचलं. शेवटची भेट. त्यांचे ते शब्द. तिनं पुन्हा थांबवलं आणि हे वाक्य तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी ती ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होती.

मग तिनं सांगितलं, ते मी विचारलेलं नव्हतं. नवऱ्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ही एकटीच जवळ. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, टोळी सोडून लगेच निघता येईना. उपचाराच्या योजनेसाठी राशनकार्ड लागत होतं आणि ते घरी पेटीत. सकाळी ती एसटीनं गावाकडं गेली, पेटी उघडली, कार्ड घेतलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली. तोवर तो गेला होता. शेवटी काय झालं ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारलं, तर त्याला त्या वेळी झोप लागली होती.

“चाळीस वर्सं मी सोडलं न्हाई त्यांना,” ती म्हणाली. “येक दिस गेलते. त्याच दिवशी साहेब आंबाजोगाईला आलते, कशाचं तरी उद्घाटन व्हतं. समदे सांगत्यात. तवा गेले आसतील दवाखान्यात. त्यायच्याशी बोललेत ते.” आणि तिनं कागदावर बोट ठेवलं. “ह्ये बघ की, लिवलंय.”

मी कागद प्लास्टिकमध्ये घातला आणि मशीनमध्ये सरकवला. मला त्या वेळी बोलता आलं असतं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं.

आठवड्यानं ती पुन्हा आली. या वेळी वहीचं पान घेऊन. “साहेबानं हातानं लिवलं, मग आपनबी हातानंच लिवाया पायजे,” म्हणाली. “तीन दिस लागले. तुझं जानं-येनं आसतंय हापिसात, तेवढं देशील का?”

वहीच्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं. अक्षरं एकमेकांपासून फटकून उभी. आधी सगळी अक्षरं काढून मग वर एकच रेघ ओढलेली, ती मधे तुटलेली आणि पुन्हा जोडलेली. काही ठिकाणी पेन इतकं दाबलेलं की पान मागून उठून आलं होतं. एकही क दुसऱ्या क सारखा नव्हता. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून फॉन्टला नावं ठेवत होतो, ती गोष्ट माझ्या हातात होती, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की काय गचाळ अक्षर आहे.

त्यात लिहिलं होतं:

‘साहेब तुमचं पत्र भेटलं. चुकलं तर माफी करा. तुमी त्यांना शेवटी भेटले. मी राशनकार्ड आनायला गावाकडं गेलते. ते काय म्हनले ते मला सांगा. वाईट आसंल तरी सांगा. पानी मागितलं का. माझ्यावर रागावले का. दुसरं काही नको.’

मी बीडला गेलो तेव्हा ते पान पीएंना दिलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या, दुसरा मोबाईल वाजला, तो घेतला, ठेवला आणि पान माझ्याकडं परत सरकवलं. “आता ह्ये लोढणं माझ्या गळ्यात कशाला बांधायलास? साहेबांनी कुठं पाहिलंय त्याला? उद्घाटन करून तसेच गेले की ते.” मी म्हणालो, बाईला काहीतरी सांगावं लागेल. तर पीए हसले. “मग टाक की काहीतरी. फॉन्ट तुझ्याकडं, मजकूर तुझा. दोन ओळी गोड लिव. म्हातारी खूश.”

त्या माणसाची मला अशी किळस आली की मी चहा न पिता उठलो. येताना एसटीत त्याला शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, उद्घाटनांना दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसून त्यानं सांगितलं होतं तेच केलं.

फार वेळ लागला नाही. ‘ताई, आपले पत्र मिळाले. त्यांनी शेवटपर्यंत आपलीच आठवण काढली. पाणी मी स्वतः पाजले. ते कुणावरही रागावलेले नव्हते.’ चार ओळी. सायीच्या रंगाचा कागद, पेनाचा निळा. छापून हातात घेतलं तेव्हा ते इतकं सुंदर दिसत होतं की माझाच क्षणभर विश्वास बसला. ‘पाणी’मधला काना कसा उतरला होता! वेलांटीनं कसा वळसा घेतला होता! त्या फॉन्टला एवढी शोभा मी कधी आणली नव्हती. मी तो कागद पाकिटात घातला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

ती आली ती बाजाराच्या दिवशी. दुकानात कुणी नव्हतं. स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, “आलं का?”

मी ड्रॉवर उघडला. पाकीट वरच होतं. तिनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, पुरणपोळीचं ताट घ्यायच्या आधी पुसावेत तसे, आणि म्हणाली, “दे. आजून म्या रडले न्हाई, बाबा. लोकं म्हनत्यात दगडाची हाय. पन मला म्हाईतच न्हाई ना, कशावर रडायचं ते. ते शेवटाला काय म्हनले ते कळू दे, मग रडते.”

आजवर माझ्या मजकुरावर शेकडो बाया रडल्या असतील. पण त्या घरी रडल्या, भिंतीवरच्या कागदासमोर, माझ्या डोळ्याआड. ही माझ्यासमोर बसून रडणार होती, आणि कशावर रडणार होती ते मला पाठ होतं. मी ड्रॉवर लावला.

तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी स्क्रीन तिच्याकडं वळवला. साहेबांचं पत्र उघडलं. नवऱ्याचं नाव होतं तिथं तिचं नाव टाइप केलं आणि प्रिंटरचं बटण दाबलं. कागद बाहेर आला. तो तिच्या हातात दिला. साहेबांच्या अक्षरात तिचं नाव, साहेबांच्या अक्षरात तिच्या निधनाची वार्ता, कर्तबगार खोडून कष्टाळू.

तिनं कागद जवळ धरला, लांब धरला. मग प्रिंटरकडं पाहिलं. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अजिबात हलला नाही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि मी त्या घ्यायला तयार होतो.

“म्हंजी ह्ये मशिनीचं अक्षर हाय.”

“हो, मावशी.”

“साहेबाचं न्हाई.”

“नाही.”

“साहेब भेटलेच न्हाईत त्यांना.”

“नाही भेटले.”

“मग ही शेवटची भेट कुनी लिवली?”

मी प्रिंटरचं बटण बंद केलं.

“मी लिहिली,” मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली. घाई केली नाही, कडा जुळवून घातली आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवली.

“मग तू सांग की,” ती म्हणाली. “तूच भेटलास ना त्यांना? पानी मागितलं का?”

ती स्टुलावरून उठली नाही. पोटासाठी एवढी वर्षं ओळी पाडत आलो, ड्रॉवरमध्ये चार तयारही होत्या, पण त्या बाईला देण्यासारखी एकही नव्हती.